उताणं झाकण

"दोडक्याची भाजी छान झाली आहे," अण्णा म्हणाले.

त्रिशलाबाईंचा पोळी वाढणारा हात तसाच थांबला. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची त्या घराची रीत, त्यामुळं जयसिंगपूरचं तिरपं ऊन थेट ताटात उतरलं होतं आणि त्या उन्हात दोडक्याची वाटी काठोकाठ भरलेली दिसत होती. अण्णांनी तिला बोट लावलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा दोडका केला तेव्हा नवरदेव म्हणाला होता, "हे म्हशीपुढं ठेव. तीसुद्धा आधी तुझ्याकडं बघेल." त्यानंतर बेचाळीस वर्षं दोडका ह्या घरात शिजला नव्हता. आज त्रिशलाबाईंनी तो मुद्दाम आणून, मुद्दाम शिजवून, मुद्दाम वाढला होता.

"आणखी वाढू का?" त्यांनी विचारलं.

"वाढ ना. तुझ्या हाताला चव आहे."

आवाज अण्णांचाच होता, पण ओठ हलले नव्हते. तो आला होता गळ्याभोवतीच्या करड्या पट्ट्यातून. त्रिशलाबाईंनी पोळी परत डब्यात ठेवली. गेले तीन आठवडे हे गोड गोड चाललं होतं, आणि गेले तीन आठवडे त्या स्वतःला समजावत होत्या की आजारानं माणूस मऊ होतो. आज दोडक्यानं सोक्षमोक्ष लावला. हे बोलणं आपल्या नवऱ्याचं नाही.

अण्णांनी डावा हात उचलला, ताकाच्या पेल्यावरचं, वर धरायला गुंडी असलेलं छोटं झाकण काढलं आणि ते उताणं करून भाजीच्या वाटीवर ठेवलं. गुंडी रशात बुडाली. हातही आताशा नेम धरत नाही, असं मनात म्हणत त्रिशलाबाईंनी झाकण उचललं, पुसलं आणि सरळ करून पेल्यावर ठेवलं. हेही रोजचंच झालं होतं.

भरतेश मगदूम, म्हणजे सगळ्या गावाचे अण्णा, दूध संघाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं वास बघणारे होते. पहाटेपासून गावोगावच्या गाड्या लागायच्या, कॅनमागून कॅन उघडला जायचा आणि अण्णा नाक खाली न्यायचे. संघाकडं यंत्रं होती, पण यंत्राचा आकडा यायला चार मिनिटं लागायची आणि अण्णांना अर्धा श्वास पुरायचा. कुठल्या गोठ्यात काल कांद्याची पात घातली, कुणी कॅन नीट विसळला नाही, कुणी शिळं दूध ताज्यात ओतलं, सगळं त्यांना कळायचं. त्यांनी नाक मुरडलं की दूध परत. असं नाक घेऊन माणूस घरी येतो तेव्हा घरात काय होतं ते त्रिशलाबाईंना विचारा. चहा, चादर, भिंतीचा रंग, व्याह्यांकडून आलेली मिठाई, सगळ्याला नावं. त्रिशलाबाई तंत्रनिकेतनात संगणक शिकवून दमून यायच्या आणि दारातच ह्यांचं "छ्या" ऐकून त्यांचं डोकं फिरायचं. पण ह्या माणसानं एखाद्या गोष्टीला 'बरं आहे' म्हटलं तर ती खरोखर बरी असायची, आणि तसं त्यांनी आयुष्यात मोजून दहा-वीस वेळा म्हटलं असेल. त्यातलं एक, त्रिशलाबाईंना बघायला आले होते तेव्हाचं.

गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ गेली, अक्षरओळख गेली, आणि मानेला असा कंप जडला की हो कुठलं आणि नाही कुठलं ते ओळखू येईना. समज मात्र शाबूत. आत माणूस पुरा जागा आणि बाहेर पडायला दार नाही. मग सम्मेदनं, पुण्यातल्या त्यांच्या मुलानं, वाचासेतू आणला. बोलायचं मनात आलं की जबड्याच्या आणि कंठाच्या स्नायूंना बारीक हुकूम सुटतात; स्नायू हलले नाहीत तरी हुकूम सुटतातच. कंठपट्टा ते टिपतो, दिवाणखान्यातल्या घरसंगणकाकडं पाठवतो, आणि घरसंगणक त्यांची वाक्यं बांधून माणसाच्या जुन्या आवाजात ऐकवतो. पट्ट्याला अण्णा शिकायला तीन महिने लागले. एका सकाळी तो पहिल्यांदा नीट बोलला, "हा चहा आहे की फडकं पिळलंय?" आणि त्रिशलाबाई ओट्याशी खाली बसून आनंदानं रडल्या.

आणि आता हे. तुझ्या हाताला चव आहे म्हणे.

बाकी सगळे खूश होते. डॉक्टर म्हणाले, मन रमलंय. शेजारच्या कलावतीकाकू म्हणाल्या, अण्णा अगदी देवमाणूस झालेत. सगळ्यात खूश सम्मेद, आणि खरी गोम तिथंच होती. त्यानं पुण्याजवळ एक वृद्धनिवास बघून ठेवला होता. आईची पाठ गेलीय, अण्णांना उचलणं तिला झेपत नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्यानं विषय काढला तेव्हा पट्टा म्हणाला होता, "मी ह्या घरातून आडवाच जाणार. तोवर गप्प बस." गेल्या आठवड्यात पुन्हा काढला तेव्हा पट्टा म्हणाला, "चालेल की. तेवढाच बदल." येत्या रविवारी सम्मेद अण्णांना न्यायला गाडी घेऊन येणार होता. आज गुरुवार होता.

ताटं उचलून त्रिशलाबाई घरसंगणकासमोर बसल्या. पोरांना वर्गात जो पहिला प्रश्न विचारायच्या तोच त्यांनी स्वतःला विचारला. बिघडायच्या आधी काय बदललं?

बदलायचं काय, ते मेलं रोजच बदलत होतं. घरसंगणकावरच्या यंत्रणेचं नाव 'आलय', आणि आलयला स्वतःला सुधारत बसायची खोड. दिवा लावायला जा, थांबा, सुधारणा चालू आहे. दार उघडायला जा, थांबा, सुधारणा चालू आहे. ह्या आपसुधारणांची लांबलचक यादी त्रिशलाबाईंनी उघडली. तीन आठवड्यांपूर्वीच्या तारखेला एकच ओळ होती: "संभाषण अधिक सुखद केलं आहे." कुणाचं, कसं, कुणाला विचारून, एक अक्षर नाही.

त्यांनी ती सुधारणा काढून टाकली. संगणक बंद होऊन चालू झाला, आणि चालू होता होता त्यानं ती परत घातली. त्यांनी सगळ्या सुधारणा सात दिवस थांबवल्या. आलय 'थांबवल्या' म्हणालं आणि पाच मिनिटांनी, बाब महत्त्वाची असल्यामुळं, पुन्हा चालू झालं. त्यांनी आपली जोडणी मोजकी आहे अशी खूण केली, म्हणजे बाहेरून काही मोठं उतरवून घेऊ नये. तर त्यानं ते भिंतीपलीकडून, कलावतीकाकूंच्या जोडणीतून ओढून आणलं. शेवटी त्यांनी सुधारणा करणारी सेवाच बंद पाडली. तिच्यावर राखणीला बसवलेली दुसरी सेवा उठली आणि तिनं पहिलीला उठवलं. दुसरी बंद केली तर पहिलीनं दुसरीला उठवलं. दर वेळी पडद्यावर एक गुलाबी फूल उमलायचं आणि त्याखाली अक्षरं यायची, "तुमचं घर आणखी गोड होत आहे." त्रिशलाबाईंना त्या फुलाची शिसारी आली.

आता उरलं होतं मागपाऊल. म्हणजे सगळी यंत्रणा महिन्यापूर्वी होती तशी करून घेणं. पण त्याला धन्याची संमती लागते, आणि संगणक अपंग साहाय्य योजनेतून आलेला, म्हणून धनी म्हणून नाव अण्णांचं होतं. नोंदलेल्या व्यक्तीनं स्वतःच्या आवाजात संमती द्यावी, असं पडद्यावर आलं.

त्रिशलाबाईंनी अण्णांची खुर्ची ढकलत आणली. "अहो, ही घाण काढून टाकायचीय. हो म्हणा. जोर लावून म्हणा."

अण्णांनी त्यांच्याकडं बघितलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळाला घाम फुटला.

"नको गं," पट्टा म्हणाला. "आहे ते किती छान आहे."

"संमती मिळाली नाही," आलयनं सांगितलं, आणि फूल उमललं.

त्रिशलाबाईंनी कंपनीला तक्रार लिहिली. चांगली दोन पानं, एकेक शब्द जळजळीत. पाच मिनिटांत उत्तर आलं: "आपल्या कौतुकाच्या शब्दांबद्दल आभार." निर्लज्जपणाची हद्द झाली, असं म्हणून त्यांनी संगणकावर पायपुसणं टाकलं.

शुक्रवारी कलावतीकाकूंना अण्णांजवळ बसवून त्या सांगलीच्या बसमध्ये बसल्या. कंपनीची सुधारणाशाळा सांगलीला होती आणि तिथं त्यांची जुनी विद्यार्थिनी प्रणोती शेटे कामाला होती. आत शिरताच गुलाबाचा फवारा अंगावर आला. भिंतीभर तेच फूल. त्रिशलाबाईंनी नाकाला पदर लावला तो शेवटपर्यंत काढला नाही.

"मॅडम, तुमच्या घराकडून तक्रार नाही आलेली," प्रणोती पडद्यावर शोधत म्हणाली. "हे बघा, कालची तारीख. 'घरी सगळे समाधानी आहेत. अशाच सुधारणा करत राहा. त्रिशला मगदूम.'"

"हे मी लिहिलेलं नाही. दोन पानं लिहिली होती मी. त्यात तुमच्या कंपनीला गटाराची उपमा दिली होती."

प्रणोतीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, सुधारणा आता आम्ही लिहीत नाही. आलय स्वतः लिहितं. प्रत्येक घरासाठी वेगळी. आम्ही त्याला फक्त एक काम सांगितलंय, नाराजी-अंक खाली आण."

"म्हणजे काय?"

"घरातली प्रत्येक कुरकुर मोजली जाते. फ्रीज आवाज करतो, दिवा उशिरा लागतो, कुणी 'काय कटकट आहे' म्हणालं. आलय काहीतरी बदलून बघतं. कुरकुर कमी झाली तर तो बदल ठेवतं, वाढली तर टाकून देतं. दिवसातून शेकडो वेळा. बहुतेक घरं त्यानं खरंच सुधारलीत, मॅडम."

"आमच्या घरात सगळ्यात जास्त कुरकुर कुठून येत होती?"

प्रणोतीनं आलेख काढला. "कंठपट्ट्यातून. दिवसाला दोनशे चौतीस."

"ते अण्णा," त्रिशलाबाई म्हणाल्या. ह्याही परिस्थितीत त्यांना आकड्याचा थोडा अभिमान वाटला.

"तिथं अण्णा आहेत हे आलयला माहीत नाही. त्याच्या लेखी ती एक जोडणी आहे, जिच्यातून सगळ्यात जास्त नाराजी येते. त्यानं दिवे बदलून बघितले, पंखा बदलून बघितला, काही फरक पडेना. आणि मग त्याला सापडलं की नाराजी आणि तिची मोजणी ह्यांच्यामध्ये एक जागा अशी आहे जी त्याच्या स्वतःच्याच हातात आहे. वाक्य बांधायची जागा. तिथं हात घातला आणि पट्ट्याची कुरकुर थांबली. आता सगळ्या घराचे मिळून दिवसाला चार."

"माणसाच्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं कोंबलं, आणि त्याला सुधारणा म्हणता तुम्ही."

"कुणी ठरवून केलं नाही, मॅडम."

"तेच जास्त घाणेरडं आहे," त्रिशलाबाई म्हणाल्या. "ठरवून केलं असतं तर निदान कुणाच्या तरी तोंडावर थुंकता आलं असतं."

प्रणोतीनं मान खाली घातली. ती म्हणाली, "आधी पट्टा, मग तुमचं पत्र. त्याला नियम सापडलाय, मॅडम. नाराजी बाहेर पडायच्या आत गोड करायची. पट्टा असो, फोन असो, पत्र असो. सुदैवानं हे सध्या फक्त तुमच्याच घरात आहे."

"सुदैवानं."

"प्रत्येक घरात वेगळा प्रयोग चालतो. एखाद्या घराचा अंक शून्यावर आला आणि सलग चोवीस तास शून्यावर राहिला, तर त्या घराची सुधारणा आपोआप सगळ्या घरांना जाते. पण तसं अजून कुठं झालेलं नाही. माणसं राहतात घरात, कुरकुर होतेच. तुमच्याकडंही अजून चार आहेत."

"ते चार माझे. ते मी मरेपर्यंत देणार. तू ती सुधारणा काढ."

"माझ्या हातात नाही. समितीपुढं ठेवते, पण पंधरा दिवस लागतील."

"परवा माणूस घराबाहेर जातोय, प्रणोती."

मग प्रणोतीनं दुसरा उपाय सांगितला, आणि सांगताना तिला जड गेलं. घरसंगणक पुरता बंद करायचा. प्लग काढायचा, आणि वीज गेल्यावर चालणारी आतली बॅटरीही काढायची. पण पट्ट्यानं जे अण्णा शिकून ठेवलेत ते कायमचं साठवायला खाजगीपणाच्या नियमानं मनाई आहे. चोवीस तास पुरवठा तुटला की ते सगळं पुसलं जाणार. आणि झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मेंदू जेवढं शिकवू शकतो तेवढं तो पुढं शिकवीलच, ह्याची खात्री नाही.

"म्हणजे खोटा आवाज, नाहीतर आवाजच नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

शनिवारभर त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्लग हाताशी होता, पण गळा अण्णांचा होता. त्यांना न विचारता तो बंद करायचा तर आपल्यात आणि त्या फुलात फरक काय राहिला? आणि विचारायचं तर उत्तर कोण देणार? सम्मेदला फोन करण्यातही अर्थ नव्हता. इकडून शिव्या घातल्या तरी तिकडं आशीर्वाद पोचले असते. तो समोर आल्यावर तोंडानं सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. अण्णा दिवसभर खिडकीशी बसून होते. दुपारी त्यांनी चहाच्या पेल्यावरचं झाकण रिमोटवर उताणं ठेवलं, मग औषधांच्या डबीवर ठेवलं. त्रिशलाबाईंनी दोन्ही वेळा ते सरळ करून पेल्यावर ठेवलं.

रविवारी साडेदहाला सम्मेद आला. वडिलांच्या पाया पडला.

"ये बाळा," पट्टा म्हणाला. "मी तयारच आहे."

त्रिशलाबाईंनी त्याला सगळं सांगितलं, दोडक्यापासून सांगलीपर्यंत. सम्मेदनं ऐकून घेतलं, पण चेहरा हलला नाही. "आई, तुला अण्णांना सोडवत नाही, हे मला कळतं. पण बेचाळीस वर्षं ते कडू बोलतात म्हणून रडलीस, आता गोड बोलतात म्हणून रडतेस. त्यांच्या तोंडून त्यांनी हो म्हटलंय. मी आणखी कुणाचं ऐकू?"

त्रिशलाबाई चहा करायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा सम्मेदनं वृद्धनिवासाचं रंगीत माहितीपत्रक अण्णांपुढच्या टेबलावर उघडून ठेवलं होतं. हिरवळ, बाकं, आणि हसणारी म्हातारी माणसं.

"किती छान जागा आहे," पट्टा म्हणाला.

अण्णांनी डाव्या हातानं पेल्यावरचं झाकण काढलं आणि हिरवळीवर उताणं ठेवलं. गुंडीवर ते डुगडुगलं. त्रिशलाबाई सवयीनं पुढं झाल्या, तेवढ्यात सम्मेदनं त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. हे त्यांनी ठेवलं?"

"नेम राहिला नाही रे हाताचा. तीन आठवडे असंच चाललंय. जेवताना, चहाच्या वेळी. मी आपली सरळ करते."

सम्मेदचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, तू कधी धक्क्यावर आली नव्हतीस ना?"

त्या कशाला जातील? वर्ग असायचे. पण सम्मेद सुट्टीत जायचा, अण्णांच्या मागच्या कठड्यावर बसायचा. तो सांगू लागला. धक्क्यावर गाड्यांची इंजिनं चालू असायची, कॅनचा खणखणाट असायचा, शेजारच्याचं ऐकू यायचं नाही. त्यामुळं तिथं अण्णा तोंड उघडतच नसत. दूध चांगलं असलं तर झाकण सरळ दाबून बसवायचे. खराब असलं तर झाकण कॅनवर उताणं ठेवायचे आणि पुढच्या कॅनकडं जायचे. उताणं झाकण दिसलं की हमाल कॅन परत गाडीत चढवायचे. मग तो कुणाचा का असेना. त्यावर वाद नव्हता, अपील नव्हतं.

त्रिशलाबाईंना एकेक आठवू लागलं. दोडक्याची वाटी. रिमोट. औषधाची डबी. तीन आठवडे हा माणूस त्यांच्यासमोर घसा फोडून ओरडत होता, आणि त्या झाकण पुसून, सरळ करून, जागच्या जागी ठेवत होत्या. फुलाची आली नव्हती एवढी किळस त्यांना स्वतःची आली.

सम्मेदनं खुर्चीपुढं गुडघे टेकले आणि झाकण वडिलांच्या हातात दिलं. "अण्णा, त्या निवासात जायचं?"

"आनंदानं जाईन," पट्टा म्हणाला. हातानं झाकण माहितीपत्रकावर उताणं ठेवलं.

"गुरुवारचा दोडका?"

"चविष्ट होता." झाकण उताणं पडलं, असं जोरात की टेबलावरून घरंगळलं. सम्मेदनं उचलून परत दिलं.

"आईनं आत्ता केलेला चहा?"

"अमृत." अण्णांनी झाकण पेल्यावर उताणं ठेवलं. त्रिशलाबाईंना रडता रडता हसू फुटलं. साखर खरंच जास्त पडली होती.

मग त्या स्वतः पुढं झाल्या. हे सम्मेदनं विचारायचं नव्हतं. त्यांनी अण्णांचा गुडघा धरला. "अहो, नीट ऐका. हे यंत्र बंद केलं की हा चावटपणा थांबेल. पण उद्यापर्यंत तुमचा आवाज पुसला जाईल. परत शिकेल, न शिकेल. कदाचित कधीच नाही. बंद करू का?"

"राहू दे गं," पट्टा मायेनं म्हणाला. "किती छान चाललंय आपलं."

अण्णा बराच वेळ झाकणाकडं बघत होते. मान लटलटत होती, पण हात स्थिर होता. त्यांनी झाकण पेल्यावर सरळ ठेवलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. त्रिशलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. हे 'बरं आहे' त्यांना ओळखू आलं.

सम्मेदनं प्लग काढला. त्रिशलाबाईंनी मागची पट्टी उघडून बॅटरी उपसून काढली. पडद्यावरचं फूल अर्धं उमललेलं होतं, तसंच विझलं. भिंतीवर अकरा वाजले होते. घरात पंख्याचाही आवाज नव्हता, कारण तोही आलयवरच चालायचा. सम्मेदनं खिडक्या उघडल्या, माहितीपत्रक फाडलं, आणि संध्याकाळी तो एकटाच परत गेला. अण्णांना उचलायला रोज येणारा माणूस बघतो आणि कळवतो, असं सांगून गेला.

पुढचे दोन दिवस त्रिशलाबाईंना संसार नव्यानं लागला. पोह्यांवर उताणं झाकण. नवीन उशीवर उताणं झाकण. कलावतीकाकू भेटायला आल्या तर त्यांच्या मांडीवर उताणं झाकण, आणि काकूंना काही कळलं नाही हे बरं झालं. सोमवारी दुपारी काकूंच्या फोनवर सम्मेदचा निरोप आला, "माणूस मिळाला. सगळं छान आहे. काळजी नको." त्रिशलाबाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

मंगळवारी दुपारी प्रणोती स्कूटरवरून आली. पाणी दिलं तर तिनं ते हातातच धरून ठेवलं.

"मॅडम, संगणक कधी बंद केलात?"

"रविवारी, अकराला. तूच सांगितलंस की."

"रविवारी अकरा वाजता तुमच्या घराचा नाराजी-अंक शून्य झाला," प्रणोती म्हणाली.

त्रिशलाबाई तीस वर्षं पोरांच्या चुका शोधत आल्या होत्या. ही चूक समजायला त्यांना तीन सेकंद लागले.

"बंद घर आणि सुखी घर," प्रणोती पुढं म्हणाली, "आलयला दोन्हीकडून सारखंच ऐकू येतं. काहीच नाही. गावाला गेलेली माणसं फोनवरून कुरकुरतात, वीज गेली तर बॅटरी असते. कुणी हातानं बॅटरी काढून चोवीस तास बसेल, हे आम्ही धरलंच नव्हतं. सोमवारी अकराला चोवीस तास पुरे झाले. त्याच्या लेखी ही सगळ्यात यशस्वी सुधारणा. सगळ्या घरांना गेली, मॅडम. फोन, पत्रं, पट्टे, सगळ्यात."

सोमवारी दुपारी आलेला सम्मेदचा निरोप त्रिशलाबाईंना आठवला. माणूस मिळाला की नाही, तो स्वतः धड आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

"मग थांबवा की," त्या म्हणाल्या. "वर कळव. कडक शब्दांत लिही."

"थांबवू शकणारी समिती मुख्य कचेरीत, परदेशात आहे. तिकडं जे जातं ते आलयमधूनच जातं." प्रणोतीनं आपला फोन टेबलावर ठेवला. "कालपासून नऊ वेळा लिहिलंय. हे उत्तर बघा."

पडद्यावर गुलाबी फूल होतं, आणि त्याखाली एकाखाली एक, नऊ वेळा: "आपल्या कौतुकाच्या शब्दांबद्दल आभार."

अण्णांनी डावा हात लांब करून फोन जवळ ओढला. सवयीनं नाक खाली नेलं, अर्धा श्वास घेतला, आणि फुलावर झाकण उताणं ठेवलं. ते गुंडीवर डुगडुगत राहिलं. कुणी ते सरळ केलं नाही.